झडपेचे दोन हात : डुकाटी मोटारसायकलीची हकीकत

आमच्या गावी विहिरीवर एक जुने ऑइल इंजिन होते. ते धाप लागल्यासारखे चालू लागले, की शेजारच्या गावाहून मिस्त्री यायचे. ते इंजिनाचे वरचे झाकण काढीत, खिशातून कागदात गुंडाळलेली दाढीची पाती बाहेर काढीत, दोन-तीन पाती एकावर एक धरीत आणि ती व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या फटीत सरकवून पाहत. पाती अडखळत सरकली म्हणजे मिस्त्री म्हणायचे, "आता बसलं बरोबर." मग चाक फिरवले, की इंजिन पुन्हा पूर्वीसारखे ठोके देऊ लागायचे.

त्या फटीत काय आहे, हे त्या वयात कळले नव्हते. पुढे इटलीतील एका मोटारसायकलीचा इतिहास वाचनात आला, आणि लक्षात आले की या केसाएवढ्या फटीपायी एका अभियंत्याने आपले सारे आयुष्य वेचले. ती मोटारसायकल म्हणजे डुकाटी. तिची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

प्रथम एक गंमत सांगतो. हे भाषण तुम्ही रेडिओवर ऐकले किंवा या पुस्तिकेत वाचत आहात. आणि डुकाटी हे नाव जन्माला आले तेही रेडिओसाठीच. उत्तर इटलीत बोलोन्या नावाचे जुने विद्यापीठाचे गाव आहे. बिनतारी संदेशाचा जनक मार्कोनी याच गावी १८७४ मध्ये जन्मला. त्याच बोलोन्यात आद्रियानो डुकाटी या तरुणाला बिनतारी यंत्रांचे वेड लागले. १९२४ मध्ये त्याने लघुलहरींवरून थेट अमेरिकेशी संपर्क साधला. १९२६ मध्ये आद्रियानो आणि त्याचे दोघे भाऊ, ब्रुनो व मार्चेल्लो, यांनी वडिलांसह कंपनी काढली. तिचे पहिले उत्पादन होते रेडिओत लागणारा कंडेन्सर. त्या मालाला परदेशांतूनही मागणी आली, आणि १९३५ मध्ये बोलोन्याच्या वेशीवर, बोर्गो पानिगाले या भागात, नव्या मोठ्या कारखान्याची पायाभरणी झाली.

पुढे दुसरे महायुद्ध आले. १२ ऑक्टोबर १९४४ या दिवशी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी त्या कारखान्यावर बॉम्ब टाकले, आणि नऊ वर्षांपूर्वी ज्याचा पाया घातला होता तो कारखाना ढिगाऱ्यात गेला. युद्ध संपले तेव्हा हजारो कुशल हात रिकामे बसले होते. रेडिओचे नाजूक सामान घेण्याची ऐपत लोकांत राहिली नव्हती. लोकांना हवे होते ते कामावर नेणारे स्वस्त वाहन.

त्या काळात इटलीतील अनेक कारखाने याच गरजेकडे वळले. आपल्याकडे ठाऊक झालेली व्हेस्पा १९४६ मध्ये निघाली, लँब्रेटा १९४७ मध्ये. मुंबईत लँब्रेटा जोडल्या जाऊ लागल्या, बजाजांच्या कारखान्यातून परवान्याची व्हेस्पा बाहेर पडू लागली, आणि ही इटलीची दोन चाके आपल्या तालुक्याच्या रस्त्यांवरही आली. डुकाटीने मात्र त्याहून साधी वाट धरली. तुरीनमध्ये आल्दो फारिनेल्ली यांनी सायकलीला जोडता येईल असे ४८ घन सेंटिमीटरचे एक छोटे इंजिन आखले होते. त्याचा आवाज कुत्र्याच्या पिलाच्या भुंकण्यासारखा, म्हणून त्याचे नाव कुच्चोलो, म्हणजे पिल्लू. १९४६ पासून हे पिल्लू डुकाटीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. कारकून, शिक्षक, गवंडी अशी मंडळी आपली जुनी सायकल घेऊन येत आणि तिला हे इंजिन बसवून घेत. रेडिओचा कारखाना अशा रीतीने चाकांवर आला.

१९५४ च्या मे महिन्यात या कारखान्यात एक तेहतीस वर्षांचा अभियंता रुजू झाला. त्याचे नाव फाबियो ताल्योनी. जन्म १९२० चा, बोलोन्याजवळच्या लुगो गावचा. शिक्षक मंडळींना ऐकून बरे वाटेल, की हा मनुष्य आधी शिक्षक होता. इमोला येथील तांत्रिक विद्यालयात तो शिकवीत असे, आणि आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊनच त्याने ७५ घन सेंटिमीटरच्या शर्यती इंजिनाचा आराखडा केला होता. फळ्यावर काढलेली आकृती प्रत्यक्षात फिरते की नाही, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्या काळी इटलीत सार्वजनिक रस्त्यांवरून लांब पल्ल्याच्या शर्यती होत. मिलानो ते तारान्तो ही अशीच एक शर्यत, आणि देशाला फेरी घालणारी मोटोजिरो ही दुसरी. ज्याची गाडी या शर्यतींत टिके, त्याचीच गाडी दुसऱ्या दिवशी दुकानात खपे. ताल्योनीने पहिल्याच वर्षी ९८ घन सेंटिमीटरची एक चपळ गाडी दिली. लोक तिला मारियाना म्हणत. १९५५ च्या मोटोजिरोत तिने आपल्या गटात सर्वांना मागे टाकले. तथापि ताल्योनीचे मन दुसऱ्याच गोष्टीत गुंतले होते. ती गोष्ट म्हणजे व्हॉल्व्हची स्प्रिंग.

आता हे थोडे समजावून घेऊ. इंजिनाचे सिलिंडर ही एक बंद खोली आहे असे समजा. तिला दोन दारे. एका दाराने पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्या दाराने जळलेला धूर बाहेर जातो. ही दारे म्हणजेच व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा. दार उघडण्याचे काम कॅम करतो. कॅम म्हणजे फिरत्या दांड्यावरचा एक उंचवटा. तो फिरत आला की रॉकर नावाच्या आडव्या हाताला ढकलतो, आणि तो हात झडप खाली दाबतो. उंचवटा पुढे सरकला म्हणजे झडप मिटायची असते. ती मिटवते कोण? स्प्रिंग. हॉटेलाच्या दाराला स्प्रिंग असते ना? माणूस आत गेला, की दार आपोआप मिटते. अगदी तसेच.

पण त्या हॉटेलात माणसांची रीघ लागली तर? एक माणूस आत शिरतो न शिरतो, तोच दुसरा दार लोटतो. दाराला पुरते मिटायला सवडच मिळत नाही. इंजिनाचेही तसेच होते. मिनिटाला ६५० फेरे घेणाऱ्या जुन्या ऑइल इंजिनात प्रत्येक झडप मिनिटाला ३२५ वेळा उघडते, म्हणजे सेकंदाला पाच-साडेपाच वेळा. तिथे स्प्रिंगला सवडच सवड. परंतु शर्यतीच्या छोट्या इंजिनाने मिनिटाला १२,००० फेरे घेतले, तर झडपेला सेकंदाला १०० वेळा उघडून मिटावे लागते. स्प्रिंग मागे पडते, झडप अधांतरी तरंगत राहते, खालून पिस्टन वर येतो आणि झडपेवर आदळतो. झडप वाकते, पिस्टनला भोक पडते, आणि शर्यत तिथेच संपते. त्या काळी स्प्रिंगचे पोलादही आजच्याइतके चांगले नव्हते. ऐन वेगात स्प्रिंगचे तुकडे होणे ही नित्याची गोष्ट होती.

ताल्योनीने ठरवले, की झडप मिटवायचे काम स्प्रिंगच्या मर्जीवर सोडायचेच नाही. उघडायला जसा एक कॅम आणि एक हात, तसाच मिटवायलाही वेगळा कॅम आणि वेगळा हात द्यायचा. ज्या वडीलधाऱ्यांनी मोट हाकली आहे त्यांना हे चटकन कळेल. मोटेला दोन दोर असतात. जाड नाडा मोट वर ओढतो, आणि बारीक सोंदूर तिची सोंड धरून ठेवतो. नुसत्या नाड्यावर मोट चालत नाही. दोन्ही दोर आपापल्या वेळी ओढले गेले, सैल झाले, तरच पाणी थारोळ्यात पडते. ताल्योनीने झडपेला असा दुसरा दोर बांधला. या पद्धतीला डेस्मोड्रोमिक म्हणतात. ग्रीक भाषेत डेस्मोस म्हणजे बंधन आणि द्रोमोस म्हणजे धाव. बांधलेली धाव, असा त्याचा अर्थ.

ही कल्पना ताल्योनीच्या आधीही होती. मर्सिडीझ कंपनीने १९५४ च्या आपल्या शर्यती मोटारीत ती वापरली होती. परंतु मोटारसायकलीच्या एवढ्याशा इंजिनात ती टिकाऊपणे बसवणे आणि वर्षानुवर्षे चालवणे, हे काम डुकाटीने केले.

१९५६ च्या जुलैमध्ये स्वीडनमधील हेडेमोरा येथे १२५ घन सेंटिमीटरची ही नवी गाडी प्रथमच मैदानात उतरली. स्वार होता जान्नी देल्यी अंतोनी. पहिल्याच शर्यतीत तो जिंकला, आणि तेही इतरांना एकेक फेरा मागे टाकून. बोर्गो पानिगालेत आनंदीआनंद झाला. तो आनंद महिनाभरसुद्धा टिकला नाही. ऑगस्टमध्ये मोंझाच्या मार्गावर सराव करताना देल्यी अंतोनी अपघातात मरण पावला. ज्याच्या हाताला या नव्या यंत्राची खरी ओळख पटली होती, तोच गेला. काम मागे पडले. १९५८ मध्ये मात्र मोंझाच्याच मार्गावर १२५ च्या शर्यतीत पहिले पाचही क्रमांक डुकाटीने घेतले. त्या दिवशी पहिला आला तो ब्रुनो स्पाज्जारी. हे नाव लक्षात असू द्या, पुढे पुन्हा येणार आहे.

मधल्या काळात इटलीतील दिवस पालटले. १९५७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत एक मोटार प्रेक्षकांत घुसून भीषण अपघात झाला आणि सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यती बंद पडल्या. लोकांना छोटी चारचाकी परवडू लागली, मोटारसायकलींचा खप उतरला. डुकाटीचा कारखाना सरकारी मालकीचा होता आणि पैशाची ओढाताण चाललेली असे. तरीही ताल्योनीने आपला नाद सोडला नाही. १९६८ मध्ये डेस्मो पद्धतीच्या २५० आणि ३५० घन सेंटिमीटरच्या गाड्या सामान्य गिऱ्हाइकासाठी दुकानात आल्या. शर्यतीतली गोष्ट रस्त्यावर आली.

त्यानंतर मोठ्या गाड्यांचा जमाना आला. १९६९ मध्ये जपानच्या होंडाने चार सिलिंडरांची ७५० घन सेंटिमीटरची गाडी काढली आणि सारे जग तिच्याकडे पाहू लागले. डुकाटीला उत्तर देणे भाग होते. १९७० च्या मार्चमध्ये ताल्योनीने आराखडे काढायला घेतले आणि त्याच उन्हाळ्यात पहिली गाडी रस्त्यावर फिरू लागली. आपले जुने एक सिलिंडरचे इंजिन त्याने दुप्पट केले. एक सिलिंडर जवळजवळ आडवे, पुढच्या चाकाकडे तोंड केलेले, दुसरे जवळजवळ उभे, दोहोंमध्ये काटकोन. या काटकोनाचा फायदा असा, की दोन पिस्टनांच्या येण्याजाण्याने बसणारे मुख्य हिसके योग्य वजन लावून मोडता येतात आणि गाडी थरथरत नाही. शिवाय दोन्ही सिलिंडरांना वारा मिळतो. तोटा एवढाच, की गाडी लांब होते. दोन चाकांच्या आसांमधले अंतर सुमारे दीड मीटर भरते.

२३ एप्रिल १९७२. गाव इमोला, जिथे ताल्योनी एके काळी शिकवीत असे. २०० मैलांची शर्यत होती. जगातले मोठमोठे कारखाने आले होते. डुकाटीने आपल्या गाड्या काचेच्या भिंतींच्या ट्रकमधून आणल्या. इंग्लंडचा पॉल स्मार्ट हा स्वार तेव्हा अमेरिकेत शर्यती खेळत होता. त्याच्या वतीने त्याच्या पत्नीनेच फोनवर डुकाटीला होकार देऊन टाकला होता. सुरुवातीला एम. व्ही. आगुस्ता गाडीवरचा जाकोमो आगोस्तिनी पुढे होता. तो जगज्जेता. पण दोन डुकाट्यांनी त्याला गाठले आणि मागे टाकले, आणि पुढे त्याची गाडीच बंद पडली. शेवटी पहिला आला पॉल स्मार्ट आणि दुसरा कोण? ब्रुनो स्पाज्जारी. मोंझाला चौदा वर्षांपूर्वी जिंकलेला तोच स्पाज्जारी. ज्या गावात फळ्यावर आकृत्या काढल्या, त्याच गावात मास्तरांच्या गाड्या पहिल्या दोन जागांवर आल्या.

त्या विजयाच्या स्मरणार्थ १९७४ मध्ये कारखान्याने ७५० सुपर स्पोर्ट ही गाडी काढली. सुमारे ४०० गाड्याच झाल्या. आज जुन्या गाड्यांचे शौकीन तिच्यासाठी अतोनात पैसे मोजतात. इंजिन ७४८ घन सेंटिमीटर; सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ७४.४ मिलिमीटर. प्रत्येक सिलिंडरला ४० मिलिमीटर तोंडाचा डेलॉर्टो कार्ब्युरेटर. पाच गिअर, तीन डिस्क ब्रेक. बटणाने सुरू होण्याची सोय नाही; किक मारायची. सांगाडा निळसर हिरव्या रंगाचा. पेट्रोलची टाकी फायबरग्लासची, आणि तिच्या अंगावर एक उभी पारदर्शक पट्टी सोडलेली, म्हणजे आत पेट्रोल किती उरले ते बाहेरून दिसावे. कंदिलाच्या काचेतून रॉकेल पाहावे तसे.

इंजिनाच्या तळापासून वरच्या कॅमपर्यंत गती नेण्यासाठी साखळी वापरलेली नाही. प्रत्येक सिलिंडरच्या बाजूने एक पोलादी दांडा वर जातो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना तिरकस दात्यांची चक्रे, म्हणजे बेव्हल गिअर, आहेत. पिठाच्या चक्कीवर किंवा जुन्या रहाटावर काटकोनात गती वळवलेली तुम्ही पाहिली असेल, तत्त्व तेच. या चक्रांमुळे इंजिनाला एक बारीक घरघर असते. जाणते लोक नुसत्या त्या आवाजावरून गाडी ओळखतात.

आता या गाडीच्या निगेकडे वळू, कारण इतिहासाचा खरा धागा तिथेच आहे. स्प्रिंग काढून टाकली, पण स्प्रिंग जे चुकले-माकले सांभाळून घेत होती ते सांभाळायचे कुणी? ते काम आता मिस्त्रीच्या हातावर आले.

डेस्मोच्या प्रत्येक झडपेला दोन फटी असतात. एक उघडणाऱ्या हाताची. ती साधारण एका मिलिमीटरचा दहावा हिस्सा ठेवतात, म्हणजे दाढीच्या एका पात्याची जाडी. दुसरी मिटवणाऱ्या हाताची. ती जवळजवळ नसल्यातच जमा. मिटवणारा हात झडपेच्या दांड्यावरच्या एका टोपणाला खालून उचलतो. ते टोपण बोटांनी गोल फिरवता आले पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. फिरलेच नाही तर फट फार कमी. हात आणि कॅम एकमेकांना खातात. वरखाली खडखडले तर फट फार जास्त. झडप नीट बसत नाही, दाब गळतो, आणि किक मारून मारून पाय दुखतो. किक मारताना झडप बसावी म्हणून एक हलकी मदतीची स्प्रिंग ठेवलेली असते, पण ती मदतीपुरतीच.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच करायची. स्पार्क प्लग काढायचे, इंजिन हाताने फिरवून पिस्टन दाबाच्या धावेच्या शेवटी अगदी वर आणायचा, मग झाकणे उघडून फटी मोजायच्या. फट कमीजास्त करण्यासाठी स्क्रू नाही. दांड्याच्या डोक्यावर एक टोपी असते आणि खाली ते मिटवणारे टोपण. दोन्ही वेगवेगळ्या मापांत मिळतात. मापाचे नवे बसवायचे, किंवा असलेले बारीक पॉलिश कागदावर घासून हवे तेवढे उतरवायचे. घासले थोडे जास्त, की गेले कामातून. म्हणून दोन वेळा घासावे आणि चार वेळा मोजावे.

यात एक धोका आहे, तो मुद्दाम सांगतो. मिटवणारे टोपण दांड्यावर दोन अर्ध्या कड्यांनी अडकवलेले असते. त्या कड्या काढल्या, की झडपेला वर धरून ठेवणारे काहीच उरत नाही. साध्या इंजिनात स्प्रिंग तिला धरून ठेवते. इथे भक्कम स्प्रिंगच नाही. अशा वेळी पिस्टन खाली असला तर झडप सुळकन सिलिंडरमध्ये पडते, आणि मग सगळे डोके उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. पिस्टन वर आहे याची खात्री केल्याशिवाय जाणता मिस्त्री कड्यांना हात लावीत नाही. शिवाय तेल खाली उतरण्याच्या भोकात तो आधी स्वच्छ फडक्याचा बोळा घालतो. तांदळाएवढी कडी त्या भोकातून इंजिनात गेली, तर ती शोधण्यात दिवस जातो.

दुसरी गोष्ट तेलाची. या पहिल्या इंजिनांत तेल गाळायला फक्त तारेची जाळी होती. बदलता येणारे कागदी फिल्टर नव्हते. जाळीत कचरा अडकतो, पण लोखंडाची बारीक पूड अडकत नाही. खालच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, पिस्टनचा दांडा जिथे जोडतो तिथले बेअरिंग रोलरचे आहे. त्याला स्वच्छ तेल हवे. क्रँकच्या आत गाळ साठण्यासाठी एक पोकळी ठेवलेली असते; इंजिन पुरते उघडले की ती साफ करायलाच हवी. ती विसरली, तर नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत ठोकू लागते. म्हणून या गाडीचे मालक तेलाच्या बाबतीत कंजुषी करीत नाहीत. तेल लवकर बदलायचे, जाळी धुवायची, आणि इंजिन गरम होऊन तेल वर पोचेपर्यंत गाडी पळवायची नाही.

तिसरी गोष्ट बेव्हल चक्रांची. त्यांचे दाते एकमेकांत किती खोल बसावेत हे पातळ चकत्या घालून ठरवावे लागते. दाते फार घट्ट बसले तर चक्रे रडतात, फार सैल बसले तर खडखडतात. एक इंजिन नीट जुळवायला कारागिराचे कित्येक तास जात. आणि चौथी गोष्ट टाकीची. आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. त्या मिश्रणाने जुन्या फायबरग्लासच्या टाकीतली राळ मऊ होते, टाकी फुगते, आणि सुटलेला चिकटा कार्ब्युरेटरात जाऊन बसतो. म्हणून मालक टाकीला आतून लेप देतात किंवा चालवण्यासाठी धातूची टाकी बसवून मूळची कपाटात जपून ठेवतात. १९७४ च्या आराखड्यात याचा विचार कुठून असणार? यंत्र तेच राहते, भोवतालचे जग बदलते, आणि निगा बदलावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, एवढी यातायात कशासाठी? तर १९७८ चे उदाहरण पाहा. इंग्लंडजवळच्या आईल ऑफ मॅन बेटावर सुमारे साठ किलोमीटरच्या डोंगराळ रस्त्यावर जुनी प्रसिद्ध शर्यत होते. माइक हेलवुड हा एके काळचा जगज्जेता अकरा वर्षे त्या शर्यतीपासून दूर होता. वय अडतीस. लोक म्हणत, आता याचे काय राहिले आहे? त्याने मोटारसायकल निवडली ती दोन सिलिंडरांची डुकाटी, आणि जपानच्या जोरकस गाड्यांना मागे टाकून जूनमध्ये तो जिंकला. जीव धोक्यात घालणाऱ्या त्या रस्त्यावर यंत्रावर विश्वास टाकावा लागतो, आणि त्या विश्वासाच्या मागे कुणीतरी फटी मोजून ठेवलेल्या असतात.

तरीही कारखान्याला हिशेब चुकत नाही. बेव्हल चक्रांचे हातकाम परवडेना. १९७९ मध्ये ताल्योनीनेच पान्ताह ही नवी गाडी दिली आणि तिच्यात चक्रांऐवजी दातेरी रबरी पट्टे घातले. स्वस्त, शांत, जुळवायला सोपे. मात्र ठरावीक मुदतीने न चुकता बदलायचे. डेस्मो झडपा त्याने ठेवल्या. १९८५ मध्ये कारखाना काजिवा या खाजगी कंपनीकडे गेला, २०१२ मध्ये जर्मनीच्या आउडीकडे. ताल्योनी २००१ मध्ये वारला.

आणि अलीकडची गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी आहे. २०२० मध्ये डुकाटीने लांब प्रवासाच्या आपल्या मल्टिस्ट्राडा गाडीसाठी चार सिलिंडरांचे नवे इंजिन काढले, आणि त्यात चक्क स्प्रिंगच्या झडपा घातल्या. फटी तपासण्याची मुदत साठ हजार किलोमीटर. ज्या स्प्रिंगला ताल्योनीने घराबाहेर काढले, तिला त्याच्याच घराने पुन्हा आत घेतले. काहींना हा विश्वासघात वाटला. पण नीट पाहिले तर ताल्योनीचे भांडण स्प्रिंगशी नव्हते. तिच्या कच्च्या पोलादाशी होते. मधल्या साठ-सत्तर वर्षांत पोलाद सुधारले. जगभर हिंडणाऱ्या प्रवाशाला वाटेत मिस्त्री शोधावा लागू नये, ही नवी गरज पुढे आली. शर्यतीच्या गाड्यांत मात्र डुकाटीने डेस्मोला सोडले नाही.

जुन्या गाड्या अजून धावतात. इटलीत, इंग्लंडात, अमेरिकेत, कुठल्या तरी घरामागच्या छपरीत एखादा म्हातारा कारागीर अजून टोपण बोटांनी फिरवून पाहतो. त्यांच्यातले शहाणे लोक एक वही ठेवतात. तारीख, किती किलोमीटर झाले, कोणत्या झडपेची फट किती निघाली, कोणते माप घातले, सगळे लिहून ठेवतात. पुढच्या वेळी वही उघडली, की कोणती झडप झिजू लागली ते आधीच कळते. शाळेच्या कार्यशाळेत ही सवय मुलांना लावायला पैसे लागत नाहीत. शाळेच्या पंपाची, घरच्या फवारणी यंत्राची, शेतावरच्या इंजिनाची अशी वही ठेवता येईल.

आमच्या विहिरीवर येणाऱ्या त्या मिस्त्रींना डुकाटी हे नाव ठाऊक नव्हते. ते वारले तेव्हा त्यांची पाती आणि पाने त्यांच्या मुलाकडे गेली. पण कोणत्या इंजिनाला किती पाती घालायची, हे त्यांनी कुठे लिहून ठेवले नव्हते. ते सारे त्यांच्या बोटांत होते, आणि बोटांबरोबरच गेले.